एकच बाई

बँकेतल्या मुलीने आईच्या मृत्यूचा दाखला वाचला, संगणकात काहीतरी पाहिलं, पुन्हा दाखला वाचला आणि आवाज खाली आणून म्हणाली, “मैडम, ये तो किसी और का है.”

आईला जाऊन चोवीस दिवस झाले होते. खेडीघाटावर नर्मदेत अस्थी सोडून झाल्या होत्या, तेरावा झाला होता, दादा रजा संपवून पुण्याला परत गेला होता. उरली होती कागदपत्रं, आणि मी इंदुरातच राहते म्हणून ती माझ्याकडे आली. दोन-तीन चकरांत होईल असं वाटलं होतं. खात्यात असं होतं तरी काय! बाबांच्या मागे आईला मिळणारी फॅमिली पेन्शन. त्यातून ती दूध, औषधं आणि कुणाकुणाच्या बारशाचे आहेर भागवायची.

मुलीचं बरोबर होतं. दाखल्यावर आईचं सासरचं नाव होतं, कारण आधार कार्डावर ते होतं. खात्यावर माहेरचं नाव आणि पुढे सासरचं आडनाव. म्हणजे बँकेच्या लेखी कुणी एक बाई वारली होती, पण ती त्यांची खातेदार नव्हती. त्यांची खातेदार ठणठणीत होती. एक तारखेला तिची पेन्शनसुद्धा जमा झाली होती.

ही दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. गेल्या सहा महिन्यांत इतक्या अर्जांवर, इतक्या रकान्यांत लिहिली आहेत की आता ती तिच्यापाशीच राहू देत.

आई देवासची, १९४४ चा जन्म. १९६६ च्या मे महिन्यात लग्न होऊन इंदूरला रामबागेतल्या वाड्यात आली. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले, बाबांनी सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव काढलं, पेढे वाटले, झालं. बावीस वर्षं वापरलेलं नाव त्या तांदळांबरोबर डब्यात गेलं. नवं नाव आजीने ठरवलेलं होतं, बाबांच्या नावाला शोभेल असं.

आणि गंमत अशी की एवढा खटाटोप करून ठेवलेल्या त्या नावाने तिला कुणी हाक मारलीच नाही. आजीची ती ‘सूनबाई’, दीर-नणंदांची ‘वहिनी’, आणि त्यांचं ऐकून अख्ख्या वाड्याची ‘वहिनी’. बाबांची ‘अगं’. पुढे आम्ही सुदामा नगरला घर बांधलं, तिथल्या हिंदी शेजारणींची ‘आंटीजी’ आणि भाजीवाल्याची ‘माताजी’. त्या भाजीवाल्याशी आई पन्नास वर्षांच्या इंदुरी मुक्कामानंतरही “भैया, कोथिंबीर थोडी जास्ती डालो ना” असंच बोलायची, आणि तो बिचारा धनिया न म्हणता कोथिंबीर म्हणायला शिकला होता.

खरं तर मृत्यूचा दाखला काढतानाच मला याची चाहूल लागायला हवी होती. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर फारसं काही विचारत नाहीत. उशीर झाला की परवानग्या, आणि वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. आम्ही दहाव्या दिवशीच नगर निगमच्या झोन कार्यालयात गेलो होतो. मुक्तिधामची पावती, आईचं आधार, माझं आधार, सगळं हातात. अर्जात एक रकाना होता, मृत व्यक्तीच्या आईचं नाव. माझा पेन तिथे थांबला. आजोळच्या आजीला आम्ही जिजी म्हणायचो, आईही जिजीच म्हणायची. जिजीला नाव असेल हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्या बाकड्यावर बसून सुचलं. देवासला मामांना फोन लावला. मामाही थांबले, मग म्हणाले, “कुठलं सांगू? माहेरचं की आपल्या घरचं?”

बँकेतल्या मुलीने मला आत विधी विभागाच्या साहेबांकडे पाठवलं. माणूस सज्जन होता. त्याने आईचा पेन्शनचा कागद मागवला, त्यावरही माहेरचंच नाव. मग त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिलं: दोन्ही नावं एकाच महिलेची आहेत असं वारसांचं शपथपत्र, नोटरीसमोर. दादाचं वेगळं, पुण्याहून. तिला पूर्वीपासून ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षी. वर्तमानपत्रात जाहीर सूचना. आणि शक्य असेल तर दोन्ही नावं एकत्र असलेला एखादा जुना कागद. नॉमिनी असता तर हे पुष्कळसं टळलं असतं, पण नॉमिनी बाबा होते. बाबा २००९ मध्ये गेले आणि नंतर ते नाव बदलायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. ज्यांचे आईवडील आहेत त्यांनी आज संध्याकाळी पासबुकं काढून बघा, एवढंच म्हणते.

घराचं नामांतरण मात्र फार छळ न करता झालं. १९८२ ची रजिस्ट्री आईच्या सासरच्या नावावर होती. आमच्या आडनावात ‘ळ’ आहे, त्याचा हिंदी कारकुनाने ‘ल’ केला होता आणि आईच्या नावापुढे हौसेने ‘बाई’ जोडलं होतं, पण एवढं इंदुरात सगळ्यांनाच माफ असतं. बाईच्या मालमत्तेवर पहिला हक्क मुलगे, मुली आणि नवरा यांचा, हे हिंदू उत्तराधिकार कायद्याचं १५ वं कलम मला तिथल्या शिपायाने तोंडपाठ म्हणून दाखवलं.

पण बाबांनी पेन्शनच्या कागदावर माहेरचं नाव का लिहिलं असेल? तांदळात नवं नाव काढलं ते त्यांनीच. सरकारी शाळेत मास्तर, अक्षर मोत्यासारखं, चूक सहसा व्हायची नाही. लग्नानंतर सर्व्हिस बुकात बायकोचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी जुनं नाव लिहिलं, आणि तिथूनच ते मतदार ओळखपत्रावर, पेन्शनवर आणि बँकेत गेलं. आजीला हे कळलं असतं तर घरात दोन दिवस अबोला झाला असता. मी मामांना विचारलं, आत्याला विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. आईला माहीत होतं एवढं नक्की. ती दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीच्या दाखल्यावर त्याच नावाने सही करायची. मी स्कूटरवरून तिला न्यायचे, पंधरा वर्षं, आणि बाहेर गाडीपाशी उभी राहायचे. एकदाही आत जाऊन ती काय सही करते ते बघितलं नाही.

जुना कागद शोधायला मी आणि वहिनीने एका रविवारी घर उपसायला घेतलं. (वहिनी त्यासाठी मुद्दाम पुण्याहून आली. दादा आला नाही.) ट्रंकेत लग्नपत्रिका मिळाली. त्यावर ‘चि. सौ. कां.’ आणि फक्त माहेरचं नाव. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला, तिथेही तेच. कागद संपले तेव्हा वहिनी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली, तिने फळीवरून पातेलं काढलं आणि तिथूनच ओरडली, “अहो ताई, भांड्यांवर बघितलंत का?”

भांड्यांवर नाव घालायची पद्धत आता मागे पडत चालली आहे. आमच्या लहानपणी राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात भांडं घेतलं की दुकानदारच मशीन घेऊन बसायचा, टर्र टर्र आवाज करत नाव, वर्ष, निमित्त कोरून द्यायचा, आणि आपण स्पेलिंग सांगितल्यासारखं ‘ळ’ हवेत काढून दाखवायचो. त्याआधी खिळ्यासारख्या हत्याराने ठोकून ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं काढत. आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि सगळी भांडी उपडी करून वाचायला लागलो.

तासाभरात माझ्या लक्षात आलं की आईच्या स्वयंपाकघरात आईचं नाव जवळजवळ नाहीच. वाट्या, ताटल्या, चमचे, गाळण्या, सगळ्यांवर दुसऱ्या बायकांची नावं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवात लुटलेलं वाण ते. जिने वाण दिलं तिचं नाव, ‘सौ.’ लावून, खाली वर्ष. १९७१ ची वाटी, १९७४ ची चहाची गाळणी, वाड्यातल्या त्या काकूंची जिच्याशी आईचं पाण्यावरून भांडण होतं तिचीसुद्धा एक डिश. आईचं सासरचं नाव सापडलं ते मोजक्या नऊ भांड्यांवर. त्यातलं एक स्टीलचं मोठं पिंप, १९७८ चं. त्या वर्षी नर्मदेचं पाणी इंदूरला आलं. त्याआधी वाड्यात पहाटे चार वाजता नळाला बारीक धार यायची. आई उठून रांगेत बादल्या लावायची, परत येऊन पोळ्यांची कणीक भिजवायची, परत रांगेत जायची. पाणी आल्याच्या आनंदात लोकांनी काय काय केलं असेल, आमच्या आईने पैसे साठवून पिंप घेतलं आणि त्यावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने स्वतःचं नाव घातलं.

आणखी एक लक्षात आलं, वहिनीच्या. ती वर्षं लावत बसली होती. म्हणाली, “२००९ नंतर एकही नाही.” बाबा २००९ च्या संक्रांतीला होते, त्याच वर्षी चैत्रात गेले. त्यानंतर हळदीकुंकवाला आईला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी ती गेली नसती, हेही खरं. दरवर्षी संक्रांतीला माझ्या घरचं वाण मात्र तीच ठरवायची. “प्लास्टिक नको देऊस,” एवढं एकच म्हणणं.

दोन्ही नावांचं भांडं शेवटी मिळालं. पितळेचा लाडवांचा डबा, माळ्यावर, चिंचेने घासल्याशिवाय वाचता येणार नाही इतका काळा. झाकणावर ठिपक्यांच्या अक्षरांत माहेरचं नाव आणि ‘मैत्रिणीकडून लग्नाची भेट, १९६६’. त्याच्याच खाली, मशीनच्या बारीक वेड्यावाकड्या अक्षरांत, सासरचं नाव. एकत्र कुटुंबात भांडी सरमिसळ व्हायला नकोत म्हणून आजीने नंतर घालून घेतलेलं असणार. वरचं नाव खोडायचा प्रयत्नही झालेला दिसत होता. ठिपके खोल होते, ते गेले नव्हते.

मी फोटो काढला आणि सोमवारी साहेबांना दाखवला. खरंच दाखवला. त्यांनी मोबाईल हातात घेतला, फोटो मोठा करून दोन्ही ओळी वाचल्या आणि हसले. “मैडम, मान तो मैं गया. पर बर्तन अटैच नहीं होता.”

मग साक्षी. एक मामांची. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे मामा देवासहून बसने आले, नोटरीच्या टेबलासमोर खुर्चीत बसले. नोटरीने विचारलं, “आपकी बहन का नाम?” मामा म्हणाले, “अक्का.” नोटरीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “मामा, पूर्ण नाव.” मामांना घाम फुटला. आयुष्यभर तिला ते अक्काच म्हणत आले होते. नोटरीने सगळं प्रकरण ऐकून घेतलं आणि मान हलवली, तेव्हा मामा मराठीतच चिडले, “आमच्या देवासला एका गावात दोन संस्थानं होती, थोरली पाती नि धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा. अठ्ठेचाळीस साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत ते चाललं. आणि तुमच्या बँकेला एका बाईची दोन नावं झेपत नाहीत?” नोटरीला मराठी येत नव्हतं. त्याने शिक्का मारला.

दुसऱ्या साक्षीसाठी मी रामबागेत गेले. वाडा पडून तिथे आता चार मजली इमारत आहे, पण समोरच्या घरातल्या काकू अजून तिथेच आहेत, ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी मला ओळखायला थोडा वेळ घेतला, मग “वहिनींची गं तू” म्हणून गालावरून हात फिरवला. काम सांगितलं. साक्ष द्यायला लगेच तयार झाल्या, आणि मग म्हणाल्या, “पण सही कुठल्या नावाने करू? माझीपण दोन आहेत.”

आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांची सून बघायला बाहेर आली. शेवटी साक्षीला त्यांच्या मुलाला घेतलं, तो लहानपणी आमच्याकडे जेवायला असायचा. त्याचं एकच नाव आहे.

निघताना काकूंनी मला थांबवलं. आत गेल्या, बराच वेळ खडखड ऐकू आली, आणि एक लहान स्टीलची वाटी घेऊन आल्या. मागे कोरलेलं होतं: सौ., मग आईचं सासरचं नाव, १९७३. “त्या वर्षी वहिनींनी वाट्या लुटल्या होत्या. पंचवीस तरी असतील. सगळ्यांकडे असतील बघ.” नंतर मी मुद्दाम विचारत सुटले. लोकमान्य नगरात एकीकडे चमचा निघाला, छत्रीबागेत एकीकडे तसलीच वाटी, त्यात त्या मुलीच्या शाळेच्या पिना ठेवत होत्या. आईचं नाव तिच्या फळीवर नव्हतं, दुसऱ्यांच्या फळ्यांवर होतं. इतकी वर्षं रोज कुणीतरी ते घासत होतं.

जाहीर सूचना छापून आली तेव्हा ती मी कापून ठेवली. चार ओळींची, जमीनविक्री आणि हरवलेल्या मार्कशीटच्या मध्ये. ‘मेरी स्वर्गीय माताजी’ अशी सुरुवात, मग एक नाव, मग ‘उर्फ’, मग दुसरं नाव, मग ‘एक ही महिला के नाम हैं’. आयुष्यात तिचं नाव वर्तमानपत्रात आलं ते असं. एकदा येऊ शकलं असतं, भुट्ट्याच्या किसाची पाककृती तिने एका मराठी मासिकाला पाठवली होती. पण त्यांनी ‘मका किसून घ्यावा’ हे वाचून बहुधा पुढे वाचलंच नाही. पाकीट साभार परत. आई त्यावर म्हणाली होती, “त्यांना काय माहीत माळवा.”

‘उर्फ’ हा शब्द मला आवडला नव्हता, चोर-दरोडेखोरांना लावतात तसा वाटला. टायपिस्टने सांगितलं, याला दुसरा शब्द नाही.

आणि बँकेने अखेर जे मान्य केलं तो कागद आमच्या डोळ्यांसमोर होता. पेन्शनच्या प्रकरणाला नवरा-बायकोचा एकत्र फोटो जोडावा लागतो. १९९९ मध्ये बाबा निवृत्त झाले तेव्हा दोघं स्टुडिओत जाऊन काढून आले होते. त्याची मोठी प्रत आमच्या हॉलमध्ये टांगलेली आहे. फक्त दोघांचाच असा तो एकमेव फोटो, बाकी सगळ्यांत आम्ही मुलं, नातवंडं, कुणाचं तरी लग्न. फाइलमधल्या त्या लहान फोटोवर हेडमास्तरांचा सही-शिक्का होता आणि खाली बाबांच्या अक्षरात माहेरचं नाव. साहेबांनी तो फोटो आणि आधारवरचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. एकात आई पंचावन्नची, दुसऱ्यात सत्तरीच्या पुढची, आधारच्या फोटोत सगळ्यांचं होतं तसं चेहऱ्याचं झालेलं. बराच वेळ बघून ते म्हणाले, “कान वही हैं.” आणि टिप्पणी लिहायला घेतली.

आईच्या कानांत कुड्या होत्या, दोन्ही फोटोंत. त्याच आता माझ्या कानांत आहेत. त्यांनी ते बघितलं की नाही, माहीत नाही.

जादा जमा झालेली पेन्शन त्यांनी वळती करून घेतली, उरलेली रक्कम आम्हा दोघांच्या खात्यांत निम्मी निम्मी आली. जुलै उजाडला होता. पासबुकावर खातं बंद झाल्याचा शिक्का मारून त्या पहिल्या मुलीनेच ते माझ्या हातात दिलं आणि विचारलं, “मैडम, आपका भी शादी में नाम बदला था?”

नाही बदललं. माझ्या लग्नात ताट आलं, तांदूळ पसरले, अंगठी आली, आणि आई मध्येच पुढे होऊन जावयाला म्हणाली, “आहे तेच लिहा हो. चांगलं आहे.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. तेव्हा मला वाटलं होतं, आईला कार्यक्रम लवकर उरकायचा असेल, पंगत खोळंबली होती.

काकूंनी ती १९७३ ची वाटी मला दिली होती, “घेऊन जा, तुझ्या आईची आहे” म्हणून. मी महिनाभर ठेवली. मग परत द्यायला गेले. भांडं रिकामं परत द्यायचं नाही, हे आईचंच वळण. आत काय घालावं ते बराच वेळ सुचेना. तिच्या फळीवर मेतकूट आणि जीरावन एकाच मापाच्या बरण्यांत शेजारी शेजारी असायचं. मेतकूट आम्ही संपवलं होतं. जीरावनाच्या बरणीत तळाशी चारेक चमचे उरलं होतं. रविवारी पोह्यांवर घालायचं, ते. बरणी उपडी करून ठोकली, वाटी भरली, वर दुसरी वाटी झाकण घातली आणि रिक्षात मांडीवर धरून रामबागेत गेले.

काकूंनी झाकण काढून वास घेतला. “जरा जास्त भाजलं गेलंय,” त्या म्हणाल्या. “वहिनी नेहमी जास्तच भाजायच्या.”